पटावरच्या दाण्यांची वीस अंकी बेरीज: मोठ्या संख्येचे अवयव हाताने कसे पाडावेत

माझी पुतणी नववीत आहे. बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करत जाण्याची गोष्ट तिने ऐकली होती आणि एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात हेही तिला पाठ होते. तिचा प्रश्न त्यापुढचा होता. "आत्या, या संख्येला कशाकशाने भाग जातो?" त्याआधीच्याच आठवड्यात आम्ही दोघींनी इंदूरच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या पिनकोडचे, म्हणजे ४५२००१ या सहा अंकी संख्येचे, अवयव पाडायला घेतले होते. त्यात एक आख्खी संध्याकाळ गेली होती आणि शेवटी उत्तरही चुकले होते. त्यामुळे वीस अंकांकडे पाहून मी सरळ हात टेकले. प्रत्यक्षात ही वीस अंकी संख्या पिनकोडापेक्षा पुष्कळ लवकर सुटली. असे का झाले, आणि तुमच्यासमोर अशी एखादी संख्या आली तर कोणत्या क्रमाने जावे, हे खाली लिहिले आहे. शालेय बीजगणितातले वर्गांतराचे सूत्र आठवत असेल तर तेवढे पुरे आहे.

लागणारे साहित्य

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी (त्या ३० आहेत) आणि दहा अंक दाखवणारा साधा कॅल्क्युलेटर. वही चौकटीचीच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. आम्ही ती खजुरी बाजारातून आणली. एका चौकटीत एकच अंक लिहिला की अंक गळत नाही आणि दोनदा लिहिलाही जात नाही. मोठ्या संख्यांच्या बाबतीत निम्म्या चुका गणिताच्या नसून उतरवण्याच्या असतात.

१. संख्या अंक मोजून उतरवून घ्या

प्रथम अंक मोजावेत. इथे ते २० आहेत. मग आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्यावेत: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपली संख्या त्या नावांनाही पुरून उरते, कारण ती १८४ परार्धांहून मोठी आहे. वाचून दाखवायचीच असेल तर "१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी" अशी सुरुवात करता येते. पुतणीला हे फार आवडले, परंतु अवयव पाडताना त्याचा काही उपयोग होत नाही.

येथे पहिला सापळा आहे. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात ही संख्या टाकली तर तो तक्ता पहिले पंधराच अंक जपतो आणि पुढच्या पाच जागी शून्ये बसवतो. मी आधी तसेच केले होते. शेवटी शून्य दिसल्यावर "दहाने भाग जातो" असे वहीत लिहून मोकळी झाले. वास्तविक संख्या विषम आहे आणि तिच्या शेवटी पाच आहे. त्यामुळे असे तक्ते या कामासाठी वापरू नयेत.

२. संख्या कुठून आली ते विचारा

माझ्या मते साऱ्या कामातली महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नवखा माणूस नेमकी तीच गाळून थेट भागाकाराला बसतो. पिनकोडाला गणिती पूर्वज नसतात. टपाल खात्याने विभाग पाडून दिलेले ते आकडे आहेत. दाण्यांची संख्या मात्र एका नियमातून जन्मलेली आहे, आणि तो नियम हाती आला की तिचे पोट आपोआप उघडते.

नियम असा शोधावा. एकूण ढिगात बाहेरून एक उसना दाणा आणून तो पहिल्या घरातल्या दाण्याशेजारी ठेवा. तिथे दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दोन दुसऱ्या घरात सरकवले की तिथे चार होतात, म्हणजे तिसऱ्या घराइतके. असे सरकवत चौसष्टाव्या घरापर्यंत गेलात की तिथला ढीग दुप्पट होतो. चौसष्टाव्या घरात मुळात २ चा ६३ वा घात एवढे दाणे असल्यामुळे आता ते २ चा ६४ वा घात एवढे झाले. उसना दाणा परत केला की उरते ती आपली संख्या: २ चा ६४ वा घात वजा १. आम्ही हे ताटात खरे दाणे घेऊन पाचव्या घरापर्यंत करून पाहिले. सोळा दाण्यांच्या ढिगाशेजारी आणखी सोळा येऊन बसले, तेव्हा पुतणीने पुढचे न करताच मान डोलावली.

दाणे काढलेच होते म्हणून एक हजार मोजून पुडीत बांधले आणि सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराकडून वजन करून घेतले. चाळीस ग्रॅमांच्या आसपास भरले. या हिशेबाने पटावरचा सारा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन होतो. जगभरात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक. सोनाराने पुडी परत देताना "छावणीच्या मंडीत हा भाव विचारू नका" एवढेच म्हटले.

३. सोप्या कसोट्या आधी लावा

शेवटचा अंक ५ आहे, म्हणून २ ने भाग जात नाही आणि ५ ने जातो. सर्व अंकांची बेरीज ८७ आहे. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून संख्येलाही ३ ने भाग जातो, परंतु ९ ने जात नाही. अवयवांत ३ एकदाच येणार हे इथेच कळले, याची वहीत नोंद करावी.

७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करण्याची गरज नसते. या तिघांचा गुणाकार १००१ होतो. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आळीपाळीने वजाबाकी व बेरीज केली की तिन्ही कसोट्या एकदम लागतात. आपले गट असे: ६१५, ५५१, ७०९, ०७३, ७४४, ४४६, १८. आता ६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६. या १०१६ ला ७ ने भागले तर बाकी १, ११ ने भागले तर ४ आणि १३ ने भागले तर २. तिघांपैकी एकानेही भाग जात नाही. गट डावीकडून पाडणे ही इथली नेहमीची चूक आहे. अंकांची संख्या तीनच्या पटीत नसेल तर तसे केल्याने सगळे बिघडते.

४. वर्गांतराने संख्या उकला

अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). २ चा ६४ वा घात हा २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग आहे आणि १ हा १ चाच वर्ग आहे. म्हणून आपली संख्या म्हणजे (२ चा ३२ वा घात + १) गुणिले (२ चा ३२ वा घात − १). यातला दुसरा कंस पुन्हा वर्गांतरच आहे, त्यातून निघालेला वजा कंस पुन्हा तसाच आहे, आणि ही उकल २ − १ पर्यंत चालते. शेवटी हातात येते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वीस अंकी संख्येचे सहा तुकडे झाले आणि एकही भागाकार करावा लागला नाही. सहा अंकी पिनकोडापुढे आम्ही संध्याकाळभर जे करत होतो, ते आठवून मला थोडी लाजही वाटली.

सहाही तुकडे एकाच घडणीचे आहेत: २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा आणि ३२ वा घात, प्रत्येकात १ मिळवलेला. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये ही साखळी पाहून तिच्यातली प्रत्येक संख्या मूळ असावी असे मत मांडले होते. पहिल्या पाचांपुरते ते खरे ठरले. सहावीने दगा दिला, आणि पुढच्या पायरीत आपल्याला तोच दगा उघड करायचा आहे.

५. तुकडे मूळ आहेत का ते तपासा

एरवी एखादी संख्या मूळ आहे का हे ठरवण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ६५५३७ चे वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे २५६ पर्यंतच्या चोपन्न मूळ संख्या. परंतु या साखळीसाठी एक सवलत आहे. तिचा पाया ऑयलर या गणितज्ञाने घातला आणि ल्युका या गणितज्ञाने १८७८ मध्ये ती आणखी धारदार केली. घातांक ४ किंवा त्याहून मोठा असेल, तर अशा संख्येचा कोणताही मूळ अवयव घातांकाच्या चौपटीच्या एखाद्या पटीपेक्षा एकाने मोठा असतो. घातांक १६ असेल तर ६४ ची पट अधिक १, घातांक ३२ असेल तर १२८ ची पट अधिक १.

२५७ साठी घातांक ८ आहे, म्हणजे अवयव ३३, ६५, ९७ अशा रूपाचा हवा. वर्गमूळ मात्र १६ च्या जवळ आहे. तपासायला काही उरतच नाही, २५७ मूळ.

६५५३७ साठी उमेदवार ६५, १२९ आणि १९३. त्यांत मूळ संख्या एकटी १९३. भागून पाहा: १९३ × ३३९ = ६५४२७, बाकी ११०. चोपन्न भागाकारांचे काम एकात आटोपले.

आता ४२९४९६७२९७. उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ असे चढत जातात. १२९, ३८५ आणि ५१३ मूळ नाहीत. २५७ ने भागल्यास बाकी २ उरते. ६४१ ने भाग निःशेष जातो: ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. ऑयलरने हे १७३२ मध्ये दाखवले. लांबलचक भागाकार नको असेल तर असे पाहा. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ हे −१ सारखे वागते. म्हणून त्याचा चौथा घात, अर्थात ६२५ × (२ चा २८ वा घात), हा १ सारखा वागतो. दुसऱ्या रूपावरून ६२५ हे −१६ सारखे वागतात. ते तिथे बसवले की −(२ चा ३२ वा घात) हा १ सारखा ठरतो, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ याला ६४१ ने पूर्ण भाग जातो. हा युक्तिवाद मी तीनदा वाचला तेव्हा पचला. तुम्हालाही वेळ लागला तर बिघडत नाही.

उरले ६७००४१७. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे, आणि ते ४२९४९६७२९७ चाच अवयव असल्यामुळे १२८ चा नियम त्यालाही लागू आहे. त्या मर्यादेतले मूळ उमेदवार पाचच निघतात: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. पूर्ण उत्तर:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सवलतीचा हा नियम याच साखळीपुरता आहे. उत्साहाच्या भरात तो पिनकोडाला लावू नये.

६. अवयव हाती आले की गुणधर्म वाचा

सात मूळ अवयव आहेत आणि प्रत्येक एकदाच आला आहे. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा असे दोनच पर्याय असतात, म्हणून एकूण विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८. एखादा अवयव दोनदा आला असता तर त्याच्यासाठी तीन पर्याय धरावे लागले असते. अनेकांचा विभाजकांचा हिशेब इथेच चुकतो.

सर्व विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक अवयवात १ मिळवून गुणाकार करावा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८. ही बेरीज आपल्या वीस अंकी संख्येच्या सुमारे १.७० पट भरते. दुपटीपेक्षा ती कमी आहे, म्हणून संख्येहून लहान विभाजकांची बेरीज संख्येइतकी होत नाही.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी, ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या असे नाव दिले. आपली अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. वरच्या सात अवयवांत २९ नाही. म्हणून ही संख्या हर्षद नाही. अवयव आधी पाडलेले असले की असे प्रश्न एका नजरेत सुटतात.

द्विमान पद्धतीत हीच संख्या लिहिली तर सलग चौसष्ट एक येतात. संगणकाच्या चौसष्ट बिटांच्या, चिन्ह नसलेल्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या ती हीच. अशा खणात तिच्यात १ मिळवला तर उत्तर ० येते. प्रोग्राम लिहून ताळा पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

७. पूर्वज नसलेली संख्या असेल तर

मग भागाकाराला पर्याय नाही. आमच्या पिनकोडाचा हिशेब असा. ४५२००१ च्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो. तीन-तीनच्या गटांतला फरक ४५१, त्याला ११ ने भाग जातो, ७ व १३ ने नाही. दोन्हींनी भागून उरले १३६९७. त्याचे वर्गमूळ ११७ च्या किंचित पुढे आहे, म्हणून ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागायचे.

आम्ही ८९ पर्यंत येऊन पान उलटले, आणि नव्या पानावर मी १३६९७ ऐवजी १३६९६ लिहिले. १०७ ने बरोबर १२८ वेळा भाग गेला. मी आनंदाने ३ × ११ × १०७ × १२८ असे उत्तर लिहून वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुतणीने विचारले, "विषम संख्येला सम अवयव कसा?" खरा आकडा घेतला तर १०७ पाशी बाकी १ उरते, आणि ११३ पर्यंत कशानेच भाग जात नाही. १३६९७ मूळच आहे.

८. ताळा केल्याशिवाय वही मिटू नका

प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जावी. वीस अंकी संख्येसाठी ८७, मग १५, मग ६. अवयवांसाठी क्रमाने ३, ५, ८, ५, २, ८, ७. यांचा गुणाकार तसाच आटवत नेला तर ६ येतो. ताळा जमला. माझ्या चुकलेल्या उत्तराला हाच ताळा लावला असता तर पिनकोडाचे ३ आणि अवयवांचे ६ आले असते, आणि चूक त्याच संध्याकाळी उघडी पडली असती. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र हा ताळा ती पकडू शकत नाही. त्यासाठी ११ ची कसोटीही सोबत लावावी.

९. सरावासाठी शेजारच्या दोन संख्या

एकाने मोठी शेजारीण म्हणजे २ चा ६४ वा घात. तिच्यात २ खेरीज दुसरा मूळ अवयव नाही आणि तिचे विभाजक ६५ आहेत. तिच्यात करण्यासारखे काही नाही.

दोनने मोठी शेजारीण मात्र वेगळी आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ती त्याच साखळीतली सातवी संख्या आहे, परंतु वजाऐवजी अधिक चिन्ह आल्यामुळे वर्गांतराचे सूत्र तिथे चालत नाही. घातांक ६४ असल्याने अवयव २५६ ची पट अधिक १ अशा रूपाचे शोधायचे. तिचे अवयव लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये पाडले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. यातला लहान अवयव २५६ च्या १०७१ व्या पटीत १ मिळवून येतो. आमच्या वहीत पुतणी सध्या ११२ व्या पटीवर आहे.